न फुटलेली सुपारी

'लिहा नाना, आता हरकत नाही,' असं पोरीनंच म्हटलं म्हणून हे लिहितोय. फक्त ती जिथं काम करते त्या शहराचं नाव घालू नका म्हणाली, तर नाही घालत. लिहून झालं की सगळ्यात आधी हे तिच्या आईच्या हातात द्यायचं आहे. वाचल्यावर ती मला काय काय बोलेल याची उजळणी मी रोज मनात करतोय.

मी एसटीतून निवृत्त झालेला माणूस. धुळ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून माझी हयात गेली. माइकवर ओरडायचं, ड्रायव्हरांशी हुज्जत घालायची, प्रवाशांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी घसा बसला म्हणून हळदीचं दूध प्यायचं. पोरगी शिकली, परीक्षा दिली आणि एका मोठ्या शहराच्या विमानतळावर टॉवरमध्ये लागली. कोणत्या विमानानं कधी उतरायचं, कोणी उडायचं, कोणी थांबायचं, हे वर काचेच्या खोलीत बसून माइकवर सांगायचं. मी सगळ्या कॉलनीत सांगत सुटलो होतो की आमचं घराणंच कंट्रोलरचं, मी खालचा आणि ती वरची. हा विनोद मी इतक्या वेळा केला की शेजारचे मला बघून आधीच हसायला लागायचे.

त्या वर्षी आखाजीच्या आधी ती अचानक घरी आली. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खान्देशात तिचा थाट दिवाळीला मागे टाकतो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधून गाणी म्हणतात, आणि आम्ही बापई गडी सावली बघून पत्ते कुटत बसतो. पोरीला नोकरी लागल्यापासून एकही आखाजी घरी मिळाली नव्हती, सणाला नेमकी ड्यूटी. त्यामुळं तिच्या आईचे पाय जमिनीवर नव्हते. 'सुट्टी कशी काय दिली गं या वेळी?' एवढं तिनं विचारलं, पोरगी 'मिळाली' म्हणाली, आणि विषय संपला. आमच्यात आखाजीला आलेल्या लेकीला 'परत कधी जाणार?' असं विचारत नाहीत. विचारलं तर तिला वाटेल, माहेराला मी जड झाले. त्यामुळं कुणीच विचारलं नाही. साक्रीहून आलेली आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तिनं फक्त पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, 'बठ्ठं ठीक शे ना बेटा?' सगळं ठीक आहे ना, असं ती तिच्या अहिराणीत विचारत होती. पोरगी हसली आणि उठून पाणी आणायला गेली.

वैशाखातलं धुळं ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. सकाळचा चहा झाला की दारं-खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे आणि कूलर असलेल्या एकाच खोलीत सगळ्यांनी पडून राहायचं. दिवस कलेपर्यंत बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्या खोलीत मी, ही, अक्का आणि पोरगी. कूलर घरघरतोय, अक्का घोरतेय, ही कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगतेय, आणि पोरगी छताकडं बघत पडलेली. तिचा फोन वाजला की ती आवाज बंद करून तो पालथा घालायची. मला वाटलं, एखादा मुलगा बिलगा असेल. मनात म्हटलं, असू दे, सांगेल.

तिनं सांगितलं ते गच्चीवर. आमच्याकडं उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे जाडसर पापड, घालतात, पहाटेच कपड्यावर थापायच्या आणि चिमण्या-कावळ्यांपासून राखायच्या. त्या दिवशी ही आणि अक्का खाली चहाला गेल्या होत्या आणि राखणीला आम्ही दोघं. मी सहज म्हणालो, परवा बातमीत बघितलं, कुठंतरी एका धावपट्टीवर दोन विमानं समोरासमोर येता येता वाचली, काय गं, लोक झोपा काढतात का. मला खरंच काही माहीत नव्हतं. बातमीतला विमानतळ दुसराच होता, परदेशातला. पण पोरीच्या हातातली काठी खाली पडली.

मग ती बोलली. संध्याकाळची गर्दीची वेळ, एकच धावपट्टी, तिच्यावरूनच उडायचं आणि तिच्यावरच उतरायचं. तिनं एका विमानाला धावपट्टीवर घेऊन थांबायला सांगितलं, पुढच्याला बाजूला होऊ दे मग तुला सोडते म्हणून. तेवढ्यात तिसऱ्याच एका विमानातून कुणी प्रवासी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. त्याला वाट करून देणं, डॉक्टर, गाडी, सगळं भराभरा लावण्यात ती गुंतली. ते काम नीट झालंही. त्यानंतर उतरायला आलेल्या विमानाला तिनं परवानगी देऊन टाकली, आणि ज्याला थांब म्हटलं होतं तो अजून त्याच धावपट्टीवर उभा होता.

'दोन्ही भरलेली होती, नाना,' ती म्हणाली.

खाली येणाऱ्या वैमानिकाला उभ्या विमानाचे दिवे दिसले. त्यानं कुणाला न विचारता नाक वर केलं आणि त्याच्या डोक्यावरून निघून गेला. याला गो-अराउंड म्हणतात. उतरता उतरता पुन्हा वर चढायचं, चक्कर मारायची आणि नव्यानं यायचं. खाली उभ्या विमानातल्या लोकांना फक्त गडगडाट ऐकू आला असेल. वरचे उशीर झाला म्हणून कुरकुरले असतील. तो वैमानिक माइकवर वर जातोय एवढंच म्हणाला, एक वावगा शब्द नाही. तिनं त्याचे आभारही मानले नाहीत, कारण त्या माइकवर तसलं काही बोलत नाहीत. पुढची सूचना द्यायची असते, ती तिनं दिली. मग तिला खुर्चीवरून उठवलं.

चौकशीत तिला तिचंच रेकॉर्डिंग ऐकवलं होतं. ते सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा कापला. 'माझा आवाज इतका शांत होता, नाना. माणसं मारायची परवानगी मी इतक्या शांतपणे दिली. आता मला तसं बोलताच येणार नाही.'

मी एसटीवाला. मला जे येतं तेच मी बोललो. म्हटलं, अगं, आमच्याकडं काय कमी झालं का, एका फलाटावर दोन गाड्या लावल्यात मी, ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांची आई-बहीण काढायचे, मग एक जण गाडी मागं घ्यायचा. तिनं माझ्याकडं बघितलं. 'विमान मागं घेता येत नाही,' ती म्हणाली. एवढी वर्षं मी जो विनोद मिरवला तो त्या सकाळी बिबड्यांच्या शेजारी वाळत पडला.

आता पुढचं ऐका. चौकशी संपत आली होती. तिला नोकरीवरून काढणार नव्हते. आखाजीनंतर येऊन वरिष्ठांच्या शेजारी बसून पुन्हा शिकायचं, त्यांनी पास केलं की पुन्हा एकटीनं बसायचं, असं ठरलं होतं. पण ती म्हणाली, मी जाणार नाही. आणि आईला यातलं अवाक्षर सांगायचं नाही. मी शब्द दिला. देताना मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. शब्द किती आवळतो ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

आखाजीच्या तोंडावर जामनेरहून तिचा मामा आला, हिचा धाकटा भाऊ. गडी मनमोकळा, पण सोयरिकी जुळवायची खाज भारी. जळगावचं एक स्थळ तो वर्षभर खिशात घेऊन फिरत होता. मुलगा ठिबक सिंचनाच्या सामानाच्या धंद्यात, स्वतःचं दुकान, माणसं चांगली. अट एकच, की सून जळगावातच राहावी. आधी दोनदा पोरीनं फोनवरच उडवून लावलं होतं. या वेळी मामानं जेवताना सहज खडा टाकला आणि पोरगी म्हणाली, 'चालेल.' हिच्या हातातला वरणाचा चमचा तसाच राहिला. मामा तर उठून नाचायचाच बाकी होता. आमच्याकडं शेतावरच्या सालदाराचं साल आखाजीला संपतं. राहायचं की मालक सोडायचा, ते तो त्या दिवशी ठरवतो. मामा म्हणाला, 'बघा दाजी, तुमच्या सालदारीणीचं साल भरलं, सुटली बिचारी.' सगळे हसले. पोरगीही हसली.

मुलगा आखाजीच्या आदल्या दिवशी येऊन बघून गेला. चांगला होता हो, खोटं कशाला बोलू. नाकीडोळी नीटस, बोलणं सरळ, मला वाकून नमस्कार केला. इतकी वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होतो. पोरगी वयात आली की बापाच्या मानेवर कोण बसतं ते ज्याचं त्याला ठाऊक. तो गेल्यावर मी पोरीला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, मुलगा आवडला का?

ती कैरी चिरत होती. वर न बघता म्हणाली, 'नाना, त्याच्या घरात कुणाचा जीव माझ्या हातात नसेल.'

बस्स. आवडला नाही, नावडला नाही. मी म्हटलं, मग त्याला सगळं सांग आणि सांगून लग्न कर, मी वाजतगाजत लावून देतो. ती नाही म्हणाली. म्हटलं, आईला तरी सांग. तेही नाही. म्हटलं, सहा महिने थांबू, त्यांना काय घाई आहे. ती म्हणाली, मी थांबले तर मला परत तिथं जावं लागेल. आणि विळी बाजूला सारून निघून गेली.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी माझी जी तगमग झाली ती कुणाला सांगायची सोय नव्हती. हिला सांगावं तर शब्द मोडतो. सांगू नये तर डोळ्यांदेखत पोर भीतीपोटी संसाराला लागतेय. घरात पुरणाचा वास, मांडे भाजायला मातीचं खापर चुलीवर चढलेलं, बाहेर लिंबाखाली पोरींची गाणी चाललेली. मी पत्त्यांच्या डावात बसलो तर हातात चांगली पानं येऊनही हरत गेलो. सोबती म्हणाले, पोरीचं लग्न ठरतंय, नानाचं लक्ष कुठं असणार. मी म्हटलं, हो ना. चारी बाजूंनी आनंद आणि मधोमध मी कोंडलेला.

आमच्यात बोलणी पक्की झाली की दोन्हीकडच्या चार माणसांसमोर सुपारी फोडतात. एकदा ती फुटली की लग्न लागल्यातच जमा, मग माघार म्हणजे दोन घरांची जन्माची अढी. आखाजीच्या संध्याकाळी जळगावची माणसं आली. मुलाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, चुलते, दोन बाया. बैठकीत सतरंजी घातलेली, पाटावर नारळ, तबकात सुपारी, मामाच्या हातात अडकित्ता. पोरगी नवी साडी नेसून आईच्या शेजारी बसलेली. आबा म्हणाले, बोला नाना, तुमचा होकार ऐकला की फोडू या. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी पोरीकडं बघितलं. तिचा चेहरा शांत होता. अगदी शांत.

तो चेहरा बघितला आणि मला ते रेकॉर्डिंग आठवलं, जे मी कधी ऐकलंही नव्हतं. मी हात लांब केला आणि तबकावर पालथा ठेवला.

'थांबा,' मी म्हणालो. 'हे जमायचं नाही.'

आबांनी अदबीनं विचारलं, काही चुकलं का आमचं? आता काय सांगू त्यांना? शब्द दिलेला. तोंडाला आलं ते बोललो, की पोरीला अजून नोकरी करायची आहे. त्यावर पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, 'नाही नाना. मला नाही करायची.'

आता मागं फिरायला जागाच नव्हती. मी म्हणालो, 'तुला नसेल करायची. मला हवी आहे तुझी नोकरी.'

बैठकीत जी काही इज्जत शिल्लक होती ती त्या वाक्यानं गेली. चुलते आधी उठले. दारात चपला घालताना ते कुणाला तरी म्हणाले, बापाचा डोळा पगारावर आहे. मला ऐकू जाईल अशा बेतानंच म्हणाले. आबा काही न बोलता हात जोडून निघून गेले, त्याचा चटका जास्त बसला. मामानं अडकित्ता सतरंजीवर टाकला आणि त्याच पावली जामनेरची गाडी धरली. अक्का 'काय कऱ्यं रे भाऊ' एवढंच म्हणून भिंतीकडं तोंड करून पडली. आणि हिनं, जिनं उभ्या संसारात मला कधी उलट उत्तर दिलं नाही असं मी लोकांना सांगतो आणि जे साफ खोटं आहे, तिनं त्या दिवशी मला एक शब्दही ऐकवला नाही. ताट वाढलं, समोर सरकवलं आणि गेली. तिच्या शिव्या परवडल्या असत्या.

पोरगी तर माझ्याकडं बघेना. बाहेर आग ओतणारं ऊन, आत चार माणसं, एक कूलर, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. त्या खोलीत मी पडून असायचो आणि विचार करायचो, मी केलं ते काय केलं. ती सुखात राहिली असती तर? जळगावात दुकानदाराची बायको होऊन चार वर्षांत सगळं विसरली असती तर? मी वाहतूक नियंत्रक, देव नाही. पोरीला जिथं जायची भीती वाटते तिथं मी तिला ढकलतोय, आणि उद्या पुन्हा काही झालं तर ती दोन विमानं माझ्या नावावर. मला याचं उत्तर तेव्हा सापडलं नाही आणि आजही मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. एवढंच कळत होतं की त्या शांत चेहऱ्यावर मला सुपारी फोडवली नाही.

मग एका सकाळी उठून बघतो तर तिची बॅग दाराशी. आईच्या पाया पडली, अक्काच्या पडली, माझ्या नाही. मी गुपचूप स्कूटर काढली. स्टँडपर्यंत ती मागं बसली पण खांद्याला हात लावला नाही. माझ्याच जुन्या स्टँडवर माझ्या जागी बसलेला नवा नियंत्रक माइकवर ओरडत होता, गाडी लागली, ती चढली, खिडकीशी बसली. मी खाली उभा. म्हटलं, आता पोरगी अशीच जाणार. गाडीनं हॉर्न दिला तेव्हा तिनं काच सरकवली.

'मी जाऊन बघते,' ती म्हणाली. 'पण मी तुमच्यावर चिडलेली आहे.'

म्हटलं, राहा चिडलेली. गाडी निघाली.

त्यानंतर पावसाळा गेला. आमच्या घरी फोन यायचे ते आईला यायचे. नातेवाइकांच्या लग्नांत मला बघून लोक आवाज खाली करत. 'पगारखाऊ बाप' हे नाव जळगावपासून साक्रीपर्यंत पोचलं होतं, एसटीपेक्षा वेळेवर. हिनंही ते ऐकलं होतं आणि खोडून काढलं नव्हतं. कशाच्या जोरावर खोडणार? मी स्वतःच्या तोंडानं बोललो होतो. कितीदा वाटलं, सांगून टाकावं. जिभेपर्यंत आलेलं गिळलं, कारण पोरगी तिथं अजून परीक्षेला बसलेली आणि तिचं गुपित माझ्याकडं गहाण.

थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी माझा फोन वाजला. माझा, हिचा नाही. ही आत वांगी भाजत होती, भरताचा धूर घरभर. मी ओसरीवर येऊन उचलला.

'नाना,' ती म्हणाली, 'आज एकटी बसले.'

तीच पुढं बोलली. एक विमान उतरून धावपट्टीवरून बाहेर व्हायला रेंगाळलं होतं आणि मागचं खाली येत होतं. तसं अंतर होतं, कदाचित जमूनही गेलं असतं. तिनं वाट बघितली नाही. मागच्याला वर जा म्हणून सांगितलं. भरलेलं विमान, लोक अगदी खाली येऊन पोचलेले, आणि पोरीनं परत चक्कर मारायला लावली.

'लोकांनी शिव्या घातल्या असतील,' मी म्हणालो.

'घातल्याच असतील,' ती म्हणाली. मग म्हणाली, 'नाना, त्या दिवशी तुम्हीही खाल्ल्या ना.'

ओसरीच्या खांबाला धरून मी उभा राहिलो. डोळ्यांत वांग्याचा धूर गेला होता असं म्हणायची सोय होती, ती मी करून घेतली. एवढ्यात ही पदराला हात पुसत दारात आली, माझं तोंड बघितलं आणि विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, पोरीचा.

'तुम्हाला? काय म्हणतेय?'

शब्द दिलेला होता. मी म्हणालो, 'काही नाही. पगार झाला म्हणते.'

'तेच तर हवं होतं तुम्हाला,' ही म्हणाली आणि वांगी उलटायला आत निघून गेली.